सात सीटर घेताय? आधी पार्किंगच्या छताखाली टेप धरा

‘परळला राहतो, सात जणांच्या घरासाठी कोणती सात सीटर घेऊ?’ या तुमच्या प्रश्नात परळच्या जागी दादर लिहिलं असतं तर मला वाटलं असतं, आमच्याच घरातल्या कोणीतरी लिहिलाय. घरात आई-वडील, सासूबाई, तुम्ही दोघं, दोन मुलं. पुनर्विकासानंतर टॉवरमध्ये स्टॅक पार्किंगचा, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवतात त्यातला, एक पॅलेट (गाडी उभी करायचा लोखंडी पाट) नावावर. भाऊ म्हणतो घ्यायची तर इनोव्हाच, मिसेसना ट्रायबर नाहीतर अर्टिगा पसंत. आणि सोसायटीच्या ऑफिसातून उत्तर आलंय, ‘बसते हो, सगळ्यांच्या बसतात.’

त्या ‘बसते हो’वर विसंबून बुकिंग करू नका, मुख्यतः एवढंच सांगायला लिहितेय. मायलेज, ईएमआय, डिस्काउंट यात मी पडत नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट काढाल. मी गाड्यांच्या धंद्यातली नाही, इंजिनिअर तर नाहीच नाही. रोज स्वतः चालवते आणि या एका बाबतीत चांगलीच पोळलेय.

आम्ही इनोव्हा क्रिस्टा घेतली ती ऑफिसात मॉडेलचं नाव सांगून, विचारून मगच. लेखी द्या म्हटलं तर ‘लेखी कशाला मॅडम, बाराव्या मजल्यावाल्यांची फॉर्च्युनर आहे ना’ असं उत्तर. ती फॉर्च्युनर उघड्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, उभी असते, स्टॅकमध्ये नाही, हे सांगायचं मात्र राहिलं त्यांचं.

गाडी घरी आली, हार-नारळ झाला, पॅलेटवर चढवली. ऑपरेटरने बटण दाबलं, पॅलेट थोडा वर गेला आणि खटकन थांबला. पॅनेलवर लाल दिवा. टॉर्च मारून बघितलं तर स्लॅबखालून फायरची लाल पाइपलाइन गेलेली आणि नेमका आमच्या पॅलेटच्या डोक्यावर तिचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, खाली उतरलेला, त्याला स्प्रिंकलरचं, म्हणजे आग लागली की पाणी फवारणारं, टोक. स्लॅबपर्यंत जागा भरपूर होती. पण पॅलेट पूर्ण वर नेल्यावर त्या टोकापर्यंत उरत होते 1760 मिलिमीटरच्या आसपास. क्रिस्टाची उंची 1795. दोन बोटांनी गाडी अडली.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. सोसायटीचं ऑफिस म्हणे बिल्डरकडे जा. बिल्डरचा माणूस म्हणे हँडओव्हर झालंय, आता आमचा संबंध नाही. पार्किंगची एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, ज्यांच्याकडे, ते म्हणाले आम्ही फक्त मोटर आणि चेन बघतो, ड्रॉइंग सोसायटीकडेच असतं. परत सोसायटीत गेलं की तेच गृहस्थ चष्मा वर करून विचारणार, ‘पण तुम्ही एवढी मोठी गाडी घेतलीच कशाला?’ ज्या माणसाने ‘बसते’ म्हणून सांगितलं, तोच! पाइप बाजूला घेता येईल का, तर म्हणे फायरची लाइन आहे, हात लावता येत नाही. तेही खरंच होतं म्हणा. पण मग गाडी घ्यायच्या आधी ती लाइन कोणाला दिसली नव्हती का?

तोवर गाडी रस्त्यावर. रात्री जागा शोधत शिवाजी पार्कच्या गल्ल्यांतून फिरायचं, सकाळी टोइंगवाले यायच्या आत उठायचं, पावसाळ्यात पे अँड पार्कला पैसे भरायचे. शेवटी विकली. वापरलेली गाडी म्हणून किंमत पडली ती पडलीच, पण जास्त लागला तो रोड टॅक्स. महाराष्ट्रात डिझेल गाडीला दहा ते वीस लाखांच्या गटात 14 टक्के एकरकमी भरावा लागतो. तो काही विकताना परत मिळत नाही, आणि घेणाराही त्याचे वेगळे पैसे देत नाही.

आता तुमच्या गाड्या. क्रिस्टा 4735 मिलिमीटर लांब, 1830 रुंद. कियाची कार्निव्हल तर पाच मीटरच्याही वर, ती आपल्याकडच्या इमारतींत विसराच. अर्टिगा 4435 लांब (2025 च्या आधीची 4395), 1735 रुंद, 1690 उंच. ट्रायबर साधारण 3990 लांब, 1740 रुंद, 1643 उंच. कॅटलॉगमधल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात, म्हणून आरसे दुमडल्यावर दार उघडून माणूस बाहेर येतो का, तेही बघा. आमच्या शेजारच्या काकांना रोज मागच्या दारातून उतरावं लागतं. आणि तुमचा पॅलेट जर सेडानवाल्या कमी उंचीच्या लेव्हलचा असेल तर ट्रायबरसुद्धा आत जाणार नाही, ‘छोटी गाडी आहे’ म्हणून गाफील राहू नका.

आमच्याकडे आता ट्रायबर आहे. माझं मत विचाराल तर मुंबईत राहणाऱ्या सात माणसांच्या घराला मोठी व्हॅन लागत नाही, कारण सातही जण एका वेळी गाडीत बसतात कधी? गणपतीला, लग्नाला आणि कोणी आजारी पडलं तर. एरवी दोघं-तिघं. ट्रायबरची तिसरी रांग दोन सुट्या सीटांची आहे, हाताने काढता येते. सातही सीट लावल्या तर मागे 84 लिटर जागा, म्हणजे दोन पिशव्या आणि छत्री. दोन्ही काढल्या तर 625 लिटर. काढलेल्या सीट ठेवायच्या कुठे हा मुंबईचा खरा प्रश्न. आमच्या पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडलेल्या असतात. तुमच्याकडे पलंगाला ड्रॉवर असतील तर आधी जागा ठरवा.

तक्रारीही सांगते, नाहीतर म्हणाल एजंट आहे. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, 72 पीएस. शहरात काही वाटत नाही. पण आंबा घाटात सात माणसं, सामान आणि एसी चालू, अशी अपेक्षा ठेवलीत तर एसी तुम्हीच बंद कराल. ओव्हरटेकचा विचार दोनदा करावा लागतो. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावच्या कोंडीत मात्र इनोव्हावालाही आपल्याच बाजूला उभा असतो. तिसऱ्या रांगेत मुलं बसवा. सासूबाईंना तिथे बसवायचं मनातही आणू नका. वर्षातून चार-पाच वेळा भरल्या गाडीने घाट चढणार असाल तर अर्टिगा घ्या, ती जास्त दमदार आहे, हे मी ट्रायबरवाली असूनही सांगते. फक्त सीएनजी अर्टिगात सिलिंडर डिकीतच असतो, त्यामुळे सात माणसं बसली की बॅगा कुठे, हा प्रश्न उरतोच. मग लोक वर कॅरिअर लावतात. आणि कॅरिअर लावला की उंची वाढली, परत आपला स्प्रिंकलर आडवा!

पैशाचं एकच सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे, त्यापुढच्यांना 40. ट्रायबर पहिल्या गटात, अर्टिगा दुसऱ्या. शोरूमच्या किमतीत ते धरलेलंच असतं, पण दोघींच्या किमतीत एवढी तफावत का, हा प्रश्न तुम्ही विचारलाय म्हणून लिहिलं.

जाता जाता, पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताच्या बाजूने जाणं-येणं असेल तर विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघू नका, ढकलून बाहेर काढा.

आता ऑफिसचं. तोंडी विचारणं बंद करा. सेक्रेटरींच्या नावाने साधं पत्र लिहा, त्यात तुमचा पॅलेट नंबर टाका आणि चार आकडे मागा: पॅलेटची वापरता येणारी लांबी, चाकांच्या गाइडमधली रुंदी, पॅलेट वर असताना सर्वांत खाली आलेल्या पाइपपर्यंतची उंची आणि पॅलेटला चालणारं वजन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर ईमेलही करा. प्रत्येक सोसायटी आमच्यासारखी नसते, तुमची चांगली असेल तर आठवड्यात उत्तर मिळेल. नाही मिळालं तर ऑपरेटरला चहा पाजा, पॅलेट वर घ्यायला सांगा आणि बाहेर उभं राहून लेझर टेपने माप घ्या. पॅलेट हलत असताना खाली वाकू नका, आमच्याकडे एकाचा मोबाइल चेनमध्ये गेला, हात वाचला. मापं मिळाली की इथे टाका, अर्टिगा बसते की ट्रायबरच, ते बघू.