जैसलमेरला शनिवार-रविवारात वाळू सोडून बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात पुण्याहून सासू-सासऱ्यांना घेऊन जैसलमेरला जाताय, हातात फक्त शनिवार आणि रविवार आहे, जैसलमेरजवळच्या सम गावी वाळूच्या टेकड्यांवर तंबूत राहायचं पॅकेज जवळजवळ ठरलंय, आणि "वाळवंटात वाळू सोडून बघण्यासारखं असतं तरी काय?" या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकत आलोय. ते आमच्या माणदेशाबद्दल म्हणतात, एवढाच फरक. "तुमच्याकडे आहे काय, नुसतं माळरान." साखरपुडा असो, बारसं असो, जेवणं झाली की विषय तिथे येतोच.

आधी शहराचं उरकतो, ते तुम्हाला कुणीही सांगेल. शनिवारी सकाळी लवकर किल्ला. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेला, पिवळ्या दगडाचा, ९९ बुरुजांचा. आत आजही काही हजार माणसं राहतात, शाळेला जाणारी पोरं आणि वाळत घातलेले पापड तुमच्या वाटेत येतात. आतली जैन मंदिरं सकाळीच बघून घ्या, बाहेरच्यांना दुपारपर्यंतच सोडतात. मग खाली उतरून पटव्यांच्या हवेल्या. पाच भावांसाठी पाच, पहिलीचं काम १८०५ च्या सुमाराला सुरू झालं. हे व्यापारी सिंध-अफगाणिस्तानच्या वाटेवर श्रीमंत झाले. मुंबई बंदर वाढलं, माल समुद्राने जायला लागला आणि जैसलमेर मागे पडलं. नथमलची हवेली दोन भावांनी अर्धी-अर्धी कोरलीय. समोर उभं राहून डावी-उजवी बाजू ताडून बघा, नक्षी जुळत नाही. सासूबाईंना हा खेळ आवडेल.

किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात मात्र राहू नका. खिडकीतून कितीही छान दिसत असलं तरी नाही. हा किल्ला बांधला तेव्हा पाणी घागरीने वर जायचं आणि ज्याला वर न्यावं लागतं ते पाणी माणूस जपून वापरतो. आता नळ आहेत, खोलीगणिक न्हाणीघर आहे, आणि ते सगळं सांडपाणी गळत-झिरपत टेकडीच्या पोटात जातं. खालचा थर ठिसूळ आहे, तो भिजून सुटतो. बुरूज ढासळलेत, भिंतींना तडे गेलेत. २०१३ साली जागतिक वारशात नाव लागलं म्हणून गळती थांबलेली नाही. खाली गावात राहिलात तर किल्ला रात्री दिव्यांत पूर्ण दिसतोही.

संध्याकाळी गडीसर. चौदाव्या शतकात रावळ घडसीने हे तळं नव्याने बांधून काढलं. नळ येईपर्यंत अख्खं गाव याच पावसाच्या पाण्यावर जगत होतं. लोक इथे पॅडलबोट चालवून, फोटो काढून परत जातात. तुम्ही काठाने चालत जा आणि पाणी आत कुठून येत असेल ते शोधा. पुढची गोष्ट त्या पाण्याचीच आहे.

आम्ही गेलो ते जानेवारीत. मी, बायको, आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि साडूंचं कुटुंब. सगळं साडूंनी ठरवलं होतं: दुपारी समला, उंटावर चक्कर, सूर्यास्त, नाच, बुफे, तंबू. आण्णा पंचाहत्तरीचे. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला होते, सुकडी खाऊन दिवस काढलेले. आमच्या गावचा पाझर तलाव त्या कामातला, आज निम्मा गाळाने भरलाय. या माणसाला साडू गाडीत सांगत होते, "आण्णा, धरण नाही तिथं शेती नाही, हे एकदा मान्य करा." आण्णा काही बोलले नाहीत. मला राग आला, आणि तो मी गिळला, कारण गाडीत पोरं होती.

तंबूतला कार्यक्रम मला आवडला नाही, स्पष्टच सांगतो. मांगणियार, म्हणजे तिथल्या पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जमातीचे कलाकार, आणून बसवले होते आणि त्यांच्याकडून सिनेमाची गाणी म्हणून घेत होते, तीही कर्ण्यावर. ज्या घराण्यांत कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य पिढ्यान्पिढ्या वाजतं, ज्यांच्यातल्या हमीरा गावच्या साकर खाँना २०१२ साली पद्मश्री मिळाली, त्यांना आपण "ते अमुक गाणं येतं का" विचारायचं? गर्दी जेवायला गेल्यावर मी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या वादकाला हात जोडून म्हटलं, तुमचं काही ऐकवा. त्याने माईक बाजूला सारला आणि मांडीवरच्या त्या जाड पोटाच्या वाद्यावर गज ओढला. घशातून यावा तसा भरडा, खोल आवाज. पुढची वीसेक मिनिटं आण्णा हलले नाहीत. तुम्ही पॅकेज घेतलंतच तर एवढं करा, आणि त्या कलाकारांच्या हातात वेगळे पैसे ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंना जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारायच्या होत्या. मी वेगळी गाडी केली आणि आण्णांना घेऊन कुलधऱ्याला निघालो.

कुलधरा शहरापासून सतराएक किलोमीटरवर. पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. दारात शिरल्या शिरल्या गाइड भूत आणि शाप सुरू करतो: दिवाण सालिमसिंगाची नजर मुखियाच्या मुलीवर पडली, चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, जाताना शाप देऊन गेली. सालिमसिंगाचा जुलूम खोटा नसावा, त्याची हवेलीही गावात उभी आहे. पण एका रात्रीत वगैरे काही अभ्यासकांना पटत नाही. विहिरी आटत गेल्या, कर चढत गेले, माणसं हळूहळू पांगली, असंच ते मानतात. काहीजण भूकंपाचंही कारण देतात. मला चीड याची येते की भुताच्या नादात कुणी विचारतच नाही, वर्षाला २०० मिलीमीटरच्याही आत पाऊस पडणाऱ्या जागी एवढी दगडी घरं, एवढी मोठी गावं शतकानुशतकं पोसली कशी? आमच्या माणात वाईट साल सोडलं तर याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि तरी आमची निम्मी पोरं पुण्या-मुंबईला.

उत्तर खडीनमध्ये आहे, म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी मुरवलेल्या शेतात. आमच्या चालकाच्या चुलत्याचा खडीनमध्ये वाटा होता, म्हणून तो आम्हाला कुलधऱ्याच्या पुढे घेऊन गेला. आधी नुसता खडकाळ, किंचित उताराचा माळ. झाड नाही, गवत वाळलेलं. मग माळ संपतो तिथे, खालच्या अंगाला, कोपरात वाकवलेल्या हातासारखा एक मातीचा बांध, आणि बांधाच्या आत हिरवागार गहू. गुडघ्याएवढा. त्याच्या कडेने हरभरा. आसपास विहीर दिसेना, मोटार नाही, पाइप नाही.

आण्णा गाडीतून उतरले आणि काठी टेकत थेट बांधावर चढले. तिथला म्हातारा मारवाडीत बोलत होता, आण्णा माणदेशी मराठीत, मी मधे हिंदीचं जमेल तसं करत होतो. थोड्या वेळाने माझी गरज संपली. सगळं हातांनीच चाललं होतं. पावसाळ्यात त्या खडकाळ माळावरचं सगळं पाणी वाहून बांधापाशी येतं. माळ शेताच्या दहा-पंधरा पट मोठा हवा, त्यावर नांगर चालवायचा नाही, ती पाण्याची वाट. पाणी सोबत गाळ आणतं, दरसाल नवी माती. जास्तीचं पाणी बांधातल्या दगडी सांडीवरून पुढच्या खडीनला. उरलेलं तिथेच उभं राहून मुरतं, जमिनीतला क्षार खाली ढकलतं. दिवाळीच्या आगेमागे पाणी उतरलं की त्या ओलीवर पेरायचं. त्यानंतर थेंबही द्यायचा नाही. पालीवालांनी पंधराव्या शतकापासून ही पद्धत इथे रुजवली आणि ते गेल्यावरही ती चालू राहिली.

आण्णांनी शेताच्या कडेला चपलेच्या टाचेने वरचा वाळका पापुद्रा उकरला. चार बोटं खाली काळपट ओल. मूठभर माती घेतली, दाबली, गोळा झाला. छातीच्या उंचीवरून सोडला, पडून फुटला. "वाफसा हाय," एवढंच म्हणाले, म्हणजे ओल पेरणीजोगी. जानेवारीत, आभाळात ढग नसताना, जैसलमेरमध्ये. मग हरभऱ्याचा शेंडा खुडून तोंडात टाकला आणि आंबट बोटं मला चाखायला लावली. आमच्याकडची आंब आणि तिथली आंब एकच. "ही तालच की आपली," म्हणाले. ताल म्हणजे आमच्याकडचा पाणी अडवणारा मातीचा बांध. "फकस्त ह्यांनी वरचा माळ राखला. आपण माळ बी नांगरला."

हे मी साडूंना संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "दोन-चार एकरांनी काय होतंय, शेवटी इंदिरा गांधी कालवा आला तेव्हाच माणसं सुखी झाली ना?" कालव्याचं मोल मी नाकारत नाही. १९५८ पासून खोदत आणला, हिमालयाचं पाणी थरच्या वाळवंटात आणलं, जैसलमेरचे नळ त्यावर चालतात. पण कालवा यायच्या आधी आठशे वर्षं हे शहर काय हवेवर जगलं? आणि पुणेकरांनी हे बोलू नये. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं डोक्यावर असताना आपल्या सोसायट्यांत फेब्रुवारीपासून टँकर येतात. ज्याला पाऊस मिळाला त्याला अक्कल मिळाली, असं काही नसतं. कमी पावसाच्या मुलखातली माणसं आळशी किंवा मागास म्हणून गरीब, हे ऐकून घ्यायची माझी तयारी आता नाही. साडू, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यासाठीही आहे.

तर तुमचा रविवार. सकाळी बडा बाग, राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्या, शहरापासून सहाएक किलोमीटर, ऊन कोवळं असतानाच. मग कुलधरा, आणि पुढे खडीन. वेळ उरला तर अकलचं जीवाश्म उद्यान बघा, ते वेगळ्या दिशेला पडतं, बाडमेर रस्त्यावर, तेही सतराएक किलोमीटरवर. आज जिथे झुडूप तगत नाही तिथे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत. पाकिस्तान सीमेकडचं तनोटचं मंदिर आणि १९७१ चं रणांगण लोंगेवाला या दोन दिवसांत कोंबू नका. तनोट एकशेवीस किलोमीटर आहे, सासऱ्यांची पाठ मोडेल आणि बाकी सगळं हुकेल. १९७१ च्या लढाईबद्दल ओढ असेल तर जोधपूर रस्त्यावरचं युद्ध संग्रहालय बघा, ते शहराजवळ आहे.

जीपच्या उड्या टाळा. त्याच भागात मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, माळढोक पक्ष्याचं शेवटचं मोठं घर. सोलापूरकडच्या नान्नजच्या अभयारण्यात आपण त्याला जवळजवळ घालवून बसलोय. तिथे तो तगून आहे तो मोकळा, निवांत माळ आहे म्हणून, आणि विजेच्या तारांना धडकून तिथेही मरतोय. त्या माळावर आणखी इंजिनं नकोत.

आता थोडं जपून. खडीन म्हणजे कुणाचं तरी शेत आहे, विचारल्याशिवाय बांधाच्या आत पाय टाकू नका. पाऊस झाला नसेल त्या साली खडीन कोरडीच असते. आणि तुम्ही डिसेंबरात जाताय, त्यामुळे गहू वीतभरच दिसेल. रात्री थंडी चांगलीच पडते, पुण्याचं पातळ स्वेटर पुरणार नाही, तंबूत तर नाहीच. किल्ल्याच्या चढावरची फरशी झिजून गुळगुळीत झालीय, सासूबाईंच्या पायात पकड असलेले बूट हवेत. खायला केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी मागा, गोडात घोटुआ लाडू. पनीर पुण्यातही मिळतं.

गाडी ठरवताना चालकाला "खडीन दाखवशील ना" हे आधीच विचारा आणि त्याच्या ओळखीचा शेतकरी असेल असाच माणूस घ्या. नुसतं कुलधरा म्हणालात तर तो दारात सोडतो, भुताची गोष्ट ऐकवतो आणि तासाभरात हॉटेलवर आणून टाकतो.