दाताचं बोला : "फोटो पाठवलाय, बघा ना डॉक्टर"

प्रश्न : मॅडम, मी बीडीएस, तालुक्याच्या गावात अकरा वर्षं क्लिनिक आहे. लॉकडाऊनमध्ये फोनवर बरेच पेशंट बघितले, नंतर ते बंद केलं असं मी समजत होतो पण व्हॉट्सॅप कुठे बंद होतंय, रात्री साडेदहाला पण फोटो येतात, अंधारातले, दात कुठला तेच कळत नाही. परवा एक सॉफ्टवेअरवाला आला, टेलिडेंटिस्ट्रीचं (म्हणजे फोन-व्हिडिओवरून दात बघायचं) वर्षाचं पॅकेज घ्या म्हणे. बायको (ती पण डेंटिस्टच) म्हणते फुकटची डोकेदुखी, घेऊ नका. काय करू?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : बायकोचं ऐका, पण अर्धंच. डॉक्टर, सुरू करू का असं तुम्ही विचारताय, अहो ती टेलिडेंटिस्ट्री तुमच्याकडे रोज रात्री साडेदहाला चालूच आहे की, फक्त तिला वेळ नाही, नोंद नाही आणि फी नाही. डोकेदुखी त्याची आहे.

आणि हे काही कोरोनाचं बाळ नाही बरं का. अमेरिकन आर्मीने १९९४ मध्येच जॉर्जियात एका तळावरच्या पेशंटच्या तोंडाचे फोटो मोडेमवरून दुसऱ्या तळावरच्या स्पेशालिस्टकडे पाठवून बघितले होते, म्हणजे डॉक्टरने डॉक्टरला विचारलं. आपण नेमकं हेच सोडून देतो आणि पेशंटच्या अंधारातल्या फोटोंवर डोकं लावत बसतो.

तुमच्या भागात गुटखा-तंबाखू किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे आणि पुड्या अजून मिळतातच. समजा तोंड उघडत नाही, स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा आहे जो दोन आठवडे झाले तरी जात नाही, असा पेशंट खुर्चीत असतानाच चांगल्या उजेडात फोटो काढा, हिस्टरीच्या चार ओळी लिहा आणि सोलापूर-लातूरकडच्या ओरल सर्जनला पाठवा. नुसती चिठ्ठी दिली तर ती खिशात घालून माणूस घरी जातो, पण स्पेशालिस्टने फोनवर "या तुम्ही गुरुवारी" म्हटलं की तो एसटी पकडतो, हे मी कितीदा बघितलंय. फक्त फोटोवरून कॅन्सर नाही असं कुणालाही सांगू नका, बायोप्सी फोनवर होत नाही.

आता पेशंटचे फोटो. असिस्टंटला एक ठरलेला मेसेज तयार करून द्या : मागचा कॅमेरा, फ्लॅश चालू, चूळ भरून मग फोटो, घरातल्या दुसऱ्याने चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरायचा, आणि दुखणाऱ्या दाताकडे बोट दाखवून अजून एक. सेल्फी नको. एवढ्यानेच अर्धी कटकट कमी होते. पण मुळाशी दुखतंय की नस सुजलीय हे फोटोत दिसत नाही, ठोकून बघावं लागतं, थंड लावावं लागतं, आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढावा लागतो. फोनवर एवढंच ठरवायचं की आज यायचं, उद्या चालेल, की सरळ हॉस्पिटल. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, यातलं काही ऐकलं तर फोटोची वाट बघू नका, हॉस्पिटलला पाठवा. उलट दात काढल्यानंतरची दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची चौकशी, टाके बघणं, यासाठी व्हिडिओ कॉल मस्त, पेशंटचा पूर्ण दिवसाचा रोजगार वाचतो.

कायद्याचं : २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्स मेडिकल रजिस्टरवरच्या डॉक्टरांना धरून लिहिल्यात, आपली नोंदणी डेंटल कौन्सिलकडची, त्यामुळे "गाइडलाइन आहे ना" म्हणून निवांत राहू नका. शिस्त मात्र तिच्यातलीच घ्या, म्हणजे पेशंटचं नाव-वय, संमती, काय सांगितलं, कुठली गोळी दिली, सगळं लिहून ठेवायचं. गोळी सांगण्याआधी अॅलर्जी, किडनी, रक्त पातळ करायचं औषध, बाई असेल तर प्रेग्नन्सी, हे विचाराच. आणि न बघता अँटिबायोटिकचा कोर्स देऊन टाकायची सवय आपल्या लाइनीत आहे ती सोडा, मी पण उशिराच सोडली.

पॅकेज आत्ता नको. वेगळा नंबर, संध्याकाळचा एक तास, यूपीआयवर थोडी फी (क्लिनिकला आले तर वजा करा) आणि एक वही. सहा महिन्यांत वही पुरेनाशी झाली तर सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा, तो येईलच.

प्रश्न : मी ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारा), पुणे. अलाइनरचे (तारेऐवजी घालायचे पारदर्शक साचे) पेशंट म्हणतात दर वेळी येत नाही, फोटो पाठवतो. चालेल का?

उत्तर : मधल्या व्हिजिट चालतील, पहिली आणि शेवटची नाही. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लबने पेशंटला खुर्चीत न बसवताच घरपोच अलाइनर द्यायचा धंदा केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीच बंद केली, ट्रीटमेंट अर्धवट असलेले पेशंट लटकले. हिरडी, हाड, मुळं हे आधी बघितलेलंच पाहिजे. फोटोत अलाइनर आणि दात यांच्यात फट दिसली की बोलवा, पेशंट कितीही बिझी असू दे. ब्रेसेसची तार टोचतेय एवढ्यासाठी मात्र हिंजवडीहून सदाशिव पेठेत कशाला आणता, वॅक्स लावायला सांगा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत, आई साताऱ्यात एकटी, वय ७८. कवळी टोचते म्हणते. इथल्या माझ्या डेंटिस्टला व्हिडिओवर दाखवू का?

उत्तर : त्यांना दाखवून काय होणार हो, कवळी घासायची साताऱ्यातच आहे. तिथल्याच डॉक्टरांना फोन करा, शेजारच्या कुणाला तरी व्हिडिओ धरायला सांगा, जखम कुठे आहे ते त्यांना आधीच कळेल आणि आईंना कदाचित एकाच खेपेत मोकळं करतील. तोपर्यंत कवळी काढून ठेवायची, मऊ भात-वरण. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मात्र थोडा वेळ घालायला सांगा, म्हणजे टोचल्याची खूण दिसते. आणि स्वतःच कानशीने घासू नका म्हणावं, आमच्याकडे एक आजोबा तसं करून आले होते.