इस्कंदर : नाव ठेवणारे आणि नावे ठेवणारे

प्रश्न : सिकंदराने इ.स.पू. ३३० मध्ये प्राचीन इराणची राजधानी पर्सेपोलिस इथले राजवाडे जाळले. तरीही इराणात मुलांना ‘इस्कंदर’ (सिकंदराचे फारसी रूप) हे नाव दिले जाते, असे वाचनात आले. हे कसे?

उत्तर : सिकंदराचे नाव ठेवणारे आणि त्याला नावे ठेवणारे, दोघेही इराणीच आहेत. झरथुष्ट्री (पारशी) धर्माच्या पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतल्या, ग्रंथांत तो ‘गुजस्तक’, म्हणजे शापित आहे. हेच विशेषण तिथे खुद्द अहरिमनालाही, म्हणजे त्या धर्मातल्या दुष्टशक्तीलाही, लागते. बैलाच्या कातड्यांवर सोन्याच्या शाईने लिहिलेला, पर्सेपोलिसजवळच्या स्तख्र येथे जपलेला धर्मग्रंथ त्याने जाळला आणि दस्तूर (धर्मगुरू) मारले, असे ‘अर्दा विराफ नामक’ हा त्यांतलाच एक ग्रंथ सांगतो. गंमत म्हणजे तिथे तो मॅसिडोनियाचा नसून ‘रूमी’, म्हणजे रोमन, आहे. इस्लामपूर्व सासानी राजघराण्याच्या काळातल्या इराणचे शतकानुशतकांचे वैर रोमशी होते, त्यामुळे जुन्या शत्रूलाही नव्या शत्रूचेच नाव मिळाले.

कवी फिरदौसीच्या ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यात मात्र (इ.स. १०१०) चित्र पालटते. रूमचा राजा फैलकूस याची मुलगी नाहीद इराणचा राजा दाराब याला दिली जाते. तिच्या मुखाला दुर्गंधी येते म्हणून वैद्य ‘इस्कंदर’ नावाची वनस्पती लावतात, दुर्गंधी जाते, पण तोवर राजाचे मन उडालेले असते आणि तो तिला गरोदरपणीच माहेरी धाडतो. तिच्या मुलाचे नाव त्या औषधावरून पडते. म्हणजे जेता इस्कंदर हा दाराबचा दुसरा मुलगा, पराभूत राजा दारा, याचा सावत्र भाऊ, इराणच्या गादीचा वारसच! पुढे दाराला त्याचेच दोन मंत्री भोसकतात, तेव्हा इस्कंदर त्याचे मस्तक मांडीवर घेतो, आणि दारा आपली मुलगी रोशनक त्याच्या हाती सोपवून प्राण सोडतो. पराभवाची बोच घालवण्याची ही युक्ती एकट्या इराणची नव्हे. इजिप्तशी जोडलेल्या ग्रीक आख्यायिकेत सिकंदर हा तिथल्या शेवटच्या देशी फॅरोचा (राजाचा), नेक्टानेबोचा, मुलगा ठरतो.

मुलाला इस्कंदर म्हणणाऱ्या आईबापांपुढे माझ्या मते हा मांडीवर मस्तक घेणारा राजपुत्र असतो. राहिली पर्सेपोलिसची आग. ते राजवाडे दारयवहू (डरायस) आणि क्षयार्ष (झर्क्सिस) या इराणी सम्राटांनी उभारले, ही आठवणच पुढे लोकांत उरली नाही. त्या भग्न खांबांना इराणी लोक आजही पुराणातल्या जमशीद राजाचे सिंहासन, ‘तख्त-ए-जमशीद’, म्हणतात, आणि जमशीदच्या कथेत सिकंदर कुठेच नाही.