खोकला पगाराची वाट पाहत नाही

गाव सोडून सोलापुरात आणि सोलापूर सोडून पुण्यात कामाला गेलेल्यांचे प्रश्न माझ्यासारख्या डॉक्टरकडे निरनिराळ्या तोंडांनी येतात, गोंधळ मात्र तोच. पोटाला चिमटा काढला म्हणजे बचत झाली, आणि दुखणं अंगावर काढलं म्हणजे आपण काटक. यावेळी त्यातलेच काही घेतो.

प्रश्न : मी मंगळवेढा तालुक्यातला. सोलापुरात हॉटेलात हेल्पर आहे, मधल्या वेळेत टेम्पो भरायला जातो. खाण्यावर दिवसाला शंभर रुपये निघतात. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, रात्री हॉटेलात उरेल ते. थकवा फार येतो. रूममेट म्हणतो ताकदीची पावडर घे, डबा दीड हजाराला आहे. घेऊ का?

नको. दीड हजार म्हणजे तुमचं पंधरा दिवसांचं जेवण. दुकानात डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी, साखरेचीच बहीण) अगदी वरच्या ओळीत सापडेल. पुढच्या बाजूला दंड फुगवलेला माणूस असतो, तो ते पिऊन तसा झालेला नसतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला मुलगा सकाळ खारीवर काढतो, याला काय म्हणावं? घरून येताना कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी आणा. कोरडी ठेवली तर दोन्ही टिकतात, आणि भाकरी चहात बुडवली तरी खारीपेक्षा बरी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६. खिशात फुटाणे ठेवा. दुपारचा वडापाव रोज न घेता एक दिवसाआड गाडीवरची दोन उकडलेली अंडी घ्या. रात्री हॉटेलात तर्री नको, डाळ मागा. एवढं करून तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर हिमोग्लोबिन आणि साखर तपासून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात, असा मेसेज आला. खरं का?

नाही.

प्रश्न : अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात नवीन लागलोय. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. जुने कामगार म्हणतात गूळ खा, पोटात गेलेली धूळ निघून जाते.

गूळ जठरात जातो, धूळ फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळणं ही कापसाच्या धुळीच्या आजाराची जुनी खूण आहे. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क वापरा, बिडी-सिगारेट असेल तर बंद करा आणि छातीच्या डॉक्टरांकडून फुंकण्याची तपासणी करून घ्या. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत असतील तर त्यांच्या दवाखान्यात जा, ते पैसे तुमचेच आहेत.

प्रश्न : मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत सहा जण. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी पार्सल पोचवतो. दीड महिना खोकतोय. मेडिकलमधून औषधाच्या तीन बाटल्या झाल्या. दिवाळीत आला तेव्हा पॅन्टला सुतळी बांधलेली होती. म्हणतो, पाणी बदललंय, पगार झाला की दाखवतो. आमच्या घराण्यात कुणाला टीबी नाही. काळजीचं काही आहे का?

ताई, आहे. पाणी बदललं की पोट बिघडतं, दीड महिना खोकला येत नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची, एवढा साधा नियम आहे. इथे तर वजनही उतरलंय. संध्याकाळी कणकण येते का, रात्री घामाने अंग भिजतं का, हे आज फोन करून विचारा. टीबीच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. दम्याने, आम्लपित्तानेही खोकला लांबतो. पण ते तपासून ठरवायचं.

बाटल्यांपेक्षा मला भीती गोळ्यांची वाटते. काउंटरवर 'जरा कडक काहीतरी द्या' म्हटलं की अँटिबायोटिकची पट्टी हातात पडते. त्यातल्या लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्या टीबीला अर्धवट दाबतात. आठवडाभर बरं वाटतं, निदान लांबतं, आणि तेवढे दिवस खोलीतले बाकीचे पाच जण तीच हवा घेत राहतात.

घराण्याचं म्हणाल, तर टीबी वारशाने येत नाही, हवेतून येतो. डासांसाठी बंद केलेली एकुलती खिडकी आणि पाळीपाळीने झोपणारी माणसं त्याला पुरतात. त्यात अर्धपोटी शरीर सापडलं तर विचारूच नका. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचा जादा शिधा देऊन पाहिला. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणून कुणी खोकत आलं की मी जेवणाच्या डब्याचीही चौकशी करतो. लोकांना वाटतं, डॉक्टर गप्पा मारतायत.

आणि पगाराची वाट कशासाठी? सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधं फुकट. थुंकीची मशीनवरची तपासणी काही तासांत टीबी आहे का ते सांगते, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगते. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. साधा टीबी बहुधा सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. अट एकच, सहा महिने म्हणजे सहा महिने. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, अंग भरतं आणि पोरं गोळ्या सोडतात. मग औषधांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो आणि उपचार कितीतरी अवघड होऊन बसतात.

तर उद्या सकाळी त्याला तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगा. एकटा जायला घाबरत असेल तर मास्क लावून सोलापूरला येऊ दे आणि सिव्हिलला घेऊन जा. एका गावात सुरू केलेले उपचार दुसऱ्या गावी वर्ग करता येतात, त्यामुळे नोकरीचा बहाणा चालणार नाही. टीबीसाठीची सरकारी 'निक्षय संपर्क' ही मोफत हेल्पलाइन १८०० ११ ६६६६ आहे. टीबी निघाला तर रूममेटनाही तपासून घ्यायला सांगा. त्याचं ताट वेगळं काढू नका, ताटातून टीबी पसरत नाही. थुंकीत रक्त दिसलं किंवा धाप लागली तर उद्याही नको, आजच.

प्रश्न : मेसचं तिखट सोसत नाही. चार महिने रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतोय. चालेल?

चिठ्ठीशिवाय चार महिने? नाही. अंगदुखीची गोळी उपाशीपोटी घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. शौच काळी डांबरासारखी झाली तर लगेच जा.

प्रश्न : उन्हाळ्यात भर दुपारी पार्सल पोचवतो. एनर्जी ड्रिंक बरं की ओआरएसचा टेट्रापॅक?

एनर्जी ड्रिंक नको, त्यात साखर आणि कॅफीन. टेट्रापॅकवर नाव काय होतं ते नीट पाहिलंत का? ओआरएससारखं नाव लावून गोड सरबतं वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना तो शब्द वापरायला मनाई केली. मेडिकलमधून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची पुडी घ्या, लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोजची. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. ग्लासात अंदाजाने ओतायची नाही. बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि थेट रुग्णालय गाठा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका.

प्रश्न : गावाकडचं रेशनकार्ड इथे चालतं का?

हा डॉक्टरचा प्रश्न नाही, पण धान्याचा आहे म्हणून सांगतो. चालतं. कार्डात तुमचं नाव आणि आधार जोडलेलं असेल, तर अंगठा देऊन इथल्या दुकानातून तुमच्या वाट्याचं घेता येतं, घरचे गावाकडे उरलेलं घेतात. दुकानदाराने परत पाठवलं तर अन्नधान्य वितरण कार्यालयात विचारा किंवा १९६७ ला फोन लावा.