देवाचा कौल, जनतेचा कौल आणि छपरावरचे कौल

एका वाचकाने विचारले आहे की, निवडणुकीच्या निकालानंतर वृत्तपत्रे ‘जनतेचा कौल’ असे लिहितात, कोकणातील देवळांत देवाला ‘कौल लावतात’ आणि घराच्या छपरावरही ‘कौल’ असते. तर हे तिन्ही शब्द एकच आहेत काय? शाक्तांच्या, म्हणजे शक्तीच्या उपासकांच्या, ‘कौल’ मार्गाशी आणि पर्यायाने ‘कुल’ या संस्कृत शब्दाशी देवळातील कौलाचे काही नाते आहे काय, असाही त्यांचा प्रश्न आहे.

छपराचा प्रश्न लिंगावरूनच सुटतो. छपरावरचे ‘ते कौल’ नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन ‘कौले’ होते. देवाचा ‘तो कौल’ पुल्लिंगी असून अनेकवचनातही ‘कौल’च राहतो. माकडांनी कौले फोडली आणि देवाने दोन वेळा कौल दिले, या दोन वाक्यांत कोणाही मराठी माणसाचा घोटाळा होत नाही. हे शब्द केवळ उच्चाराने जुळे आहेत.

देवाचा कौल आणि जनतेचा कौल मात्र एकच, आणि तो शब्द अरबी आहे. अरबीत ‘क़ौल’ म्हणजे बोल, वचन, दिलेला शब्द. ‘कव्वाल’ आणि ‘कव्वाली’ हे शब्द त्याच धातूचे. फारसी दप्तराच्या वाटेने तो दख्खनच्या भाषांत आला आणि जमीन-महसुलाच्या व्यवहारात रुजला. परचक्राने किंवा दुष्काळाने गाव ओस पडले, रयत परागंदा झाली, की सरकार तिला ‘कौल’ देई: परत या, जमीन कसा, अमुक वर्षे सारा कमी घेऊ, कोणी उपद्रव करणार नाही. पडीक जमिनीचा सारा वर्षागणिक थोडाथोडा वाढवीत पूर्ण दरापर्यंत न्यायचा, या बोलीवर दिलेल्या कौलास इस्ताव्याचा कौल म्हणत. त्याचा कागद म्हणजे कौलनामा. तेलुगूत खंडाने जमीन कसणाऱ्याला आजही ‘कौलु रैतु’ म्हणतात आणि कन्नडमध्येही ‘कौलु’ हा खंडाचा, कराराचा शब्द आहे. ‘कौलकरार’ हा आपला जोडशब्द याच दप्तरातला.

आता ‘कुल’ची गोष्ट. संस्कृतात ‘कौल’ हा शब्द आहे हे खरे, पण त्याचा अर्थ कुलमार्गाचा अनुयायी किंवा त्या मार्गासंबंधीचा असा आहे. विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर, आश्वासन किंवा संमती हा अर्थ त्याला नाही. उलट देवळातील कौल ‘मागितला’, ‘दिला’ आणि ‘घेतला’ जातो, म्हणजे क्रियापदेही महसुली कौलाचीच वापरली जातात. देवळातला शब्द आहे म्हणजे तो संस्कृत असणारच, हा समज मराठीच्या बाबतीत वारंवार फसवतो. अबीर आणि नगारा मुळात अरबी, तर गुलाल आणि सनई फारसीतून आलेली; पालखीपुढचा चोपदार फारसी; आणि देवीचा छबिना, म्हणजे रात्रीची मिरवणूक, ज्या शब्दावरून आला त्यात ‘शब’ म्हणजे रात्र हा फारसी शब्द आहे. यांतील एकाही शब्दाने पूजेत कोणाला कधी अडचण झाल्याचे ऐकिवात नाही.

तरीही महसुली दप्तराचा शब्द गाभाऱ्यात का गेला, हे सांगायला हवे, कारण शब्दाची खरी गंमत तिथेच आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी आपल्या भारुडांत अर्जदस्त, जाबचिठ्ठी, अभयपत्र हे दप्तरी कागदांचे साचे घेऊन परमार्थ सांगितला. म्हणजे देव हा धनी आणि माणूस ही त्याची रयत ही कल्पना लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. कोकणात तर ती शब्दशः पाळली जाते. रवळनाथ, सातेरी, वेतोबा ही ग्रामदैवते गावाची मालक मानली जातात, गाऱ्हाणे घालणारा देवाला ‘म्हाराजा’ म्हणतो आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ देतात. गाऱ्हाणे हाही दरबारी तक्रारीचाच शब्द. जिथे गाऱ्हाणे आहे तिथे धन्याने दिलेला शब्द, म्हणजे कौल, ओघानेच आला.

प्रत्यक्ष कौल लावण्याची रीत अशी. गुरव किंवा पुजारी सोवळ्याने मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदूळ लावतो. काय लावायचे ते देवस्थानागणिक बदलते. मग प्रश्न मोठ्याने सांगितला जातो. काम होणार असेल तर उजवी पाकळी पडावी, नसेल तर डावी, अशी बोली होते आणि सगळे वाट पाहत उभे राहतात. ‘उजवा कौल’ म्हणजे होकार, ‘डावा’ म्हणजे नकार. गोव्यात याच रीतीला बहुधा ‘प्रसाद’ म्हणतात. ‘देवानं उजवा प्रसाद दिला’ असे तिकडे कानी पडते. देशावरच्या वाचकाला या ‘प्रसादा’ने पेढे आठवतील, पण तिथे प्रसाद म्हणजे देवाची प्रसन्न संमती, आणि हा अर्थ मूळ संस्कृत शब्दाच्या अधिक जवळचा आहे. तुळजापूरला हेच काम चिंतामणी नावाचा गोल दगड करतो: त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही. कौलाहून निराळा तो ‘अवसर’. तो माणसाच्या अंगात येतो आणि बोलतो. कौल मुका असतो, म्हणूनच प्रश्न होय-नाही असा दुतोंडी करूनच विचारावा लागतो.

या मुक्या उत्तरावर मोठमोठी कामे चालतात. मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची यात्रा कोणत्याही ठराविक तिथीला नसते. तारीख कौलाने ठरते आणि ती जाहीर झाली की मुंबईचे चाकरमानी गाडीच्या आरक्षणामागे धावतात. त्याच तालुक्यातील आचरे गावची गावपळण, म्हणजे सगळे गाव काही दिवस घरे सोडून वेशीबाहेर जाऊन राहते ती प्रथा, रामेश्वराचा कौल झाल्याशिवाय होत नाही. ओली पाकळी सुकली की कधीतरी पडणारच, हे गावकऱ्यांना ठाऊक नसते असे मुळीच नाही. पण दोन भावकींतला बांधाचा वाद देवाच्या कौलाने मिटला, तर हरणारा माणूस दुसऱ्या माणसापुढे हरत नाही, आणि गावगाड्यात या सोयीची किंमत फार मोठी होती. पाकळी लावणारा हात आणि गाऱ्हाण्याचा मान ठराविक घराण्यांकडेच राहिला, हीही या व्यवस्थेची बाजू आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही.

म्हणजे कौल या शब्दात तीन गोष्टी गृहीत आहेत: देणारा वरचा असतो, मागणारा त्याच्या दारी आलेला असतो, आणि एकदा दिलेला कौल दोघांनाही बांधतो. ‘जनतेचा कौल’ मला म्हणूनच फार नेमका वाटतो. पूर्वी रयत सरकारकडून कौल घेत होती. आता सरकार होऊ पाहणारे रयतेच्या दारी कौल मागतात. ‘जनमत’ म्हटल्याने हे नाते दिसत नाही, कारण मत कोणाचेही असते आणि ते ऐकून सोडूनही देता येते. याच कारणाने एखाद्या वस्तूविषयी शंभर गिऱ्हाइकांना प्रश्न विचारून ‘ग्राहकांचा कौल’ असा मथळा देणे मला सैल वाटते. तिथे ‘पसंती’ किंवा ‘मते’ म्हणावे. ‘न्यायालयाचा कौल’ हेही टाळावे, कारण न्यायालय निर्णय देते आणि त्याला कारणे देते; कौल कारण सांगत नाही.

क्रियापदांविषयी थोडे. देवळात पुजारी कौल ‘लावतो’, भक्त तो ‘मागतो’ किंवा ‘घेतो’, देव ‘देतो’ आणि कौल ‘होतो’. ‘लावणे’ हे पाकळी लावण्यावरून आले, म्हणून मतदारांना कौल ‘लावता’ येत नाही, त्यांच्याकडे तो ‘मागावा’ लागतो. ‘निवडणुकीचा कौल लागला’ हे वाक्य निकालाची आणि कौलाची सरमिसळ करते: निकाल लागतो, कौल मिळतो. क्रिकेटच्या बातम्यांतील ‘नाणेफेकीचा कौल’ मात्र देवळातल्या कौलाचा अगदी सख्खा वारस आहे, कारण तिथेही प्रश्न दुतोंडी आणि उत्तर मुके. फक्त ‘कौल जिंकला’ असे लिहिण्याऐवजी ‘नाणेफेक जिंकली’ किंवा ‘कौल अमुक संघाच्या बाजूने पडला’ असे लिहावे.