प्रोपेन ग्रिलची ज्योत अचानक बारीक का झाली?
टाकी भरलेली असूनही ग्रिल २५०-३०० फॅरनहाइटच्या वर जात नाही म्हणताय, म्हणजे बहुतेक रेग्युलेटर 'बायपास'मध्ये गेलाय. टाकीचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की कुठेतरी गळती आहे असं समजून रेग्युलेटर गॅस आवळून धरतो. झाकण उघडा, टाकी आणि सगळे नॉब बंद करा, रेग्युलेटर टाकीपासून सोडवून एक-दोन मिनिटं थांबा. परत जोडून व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा, सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना बघा, मगच बर्नर पेटवा. (माझी घाई दर उन्हाळ्यात एकदा तरी नडतेच.) ज्योत पिवळी, फडफडती असेल तर मात्र बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं असू शकतं. ग्रिल गार असताना बारीक ब्रश फिरवा.