वाचकांचे प्रश्न : भाव मोबाईलवर कळला, पण पदरात काय पडले?

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था मालवण तालुक्यात आहे. गेली दोन वर्षे आम्ही आसपासच्या बंदरांवरील मासळीचे भाव रोज सभासदांच्या मोबाईलवर पाठवतो. आता निधी देणाऱ्यांनी या योजनेचा परिणाम मोजून कळवण्यास सांगितले आहे. किती संदेश गेले आणि किती सभासदांनी प्रशिक्षण घेतले, याची नोंद आमच्याकडे आहे. तेवढी पुरेल का?
– संस्थेचे एक सचिव, सिंधुदुर्ग

उत्तर : ती नोंद जपून ठेवावी, मात्र ती आपण केलेल्या कामाची नोंद आहे, परिणामाची नव्हे. संदेश आले नसते तर सभासदाच्या हाती जे पडले असते आणि आज जे पडते, त्यांतील फरक म्हणजे परिणाम. यातील पहिली बाजू घडलेलीच नसल्यामुळे ती कोणत्याही वहीत सापडत नाही, आणि तिच्या जागी प्रामाणिकपणे काय ठेवता येईल हे शोधण्यातच मोजणीची खरी मेहनत असते.

हे कसे साधते ते पाहण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावर केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास समजून घ्यावा. १९९७ च्या जानेवारीत एका सकाळी वडकरा येथे अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईक न मिळाल्याने तारली फेकून द्यावी लागली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतील बाजारांत सत्तावीस खरेदीदार मासळीविना परत निघाले होते. पुढे १९९७ ते २००१ या काळात मोबाईलची सेवा कोझिकोड, कण्णूर आणि कासरगोड या पट्ट्यांत एकदम न येता टप्प्याटप्प्याने आली. ज्या पट्ट्यात ती पोहोचली तेथे बाजाराबाजारांतील भावाची तफावत झपाट्याने घटली, आणि जेथे ती पोहोचायची होती तेथे तोवर तसे काही झाले नाही. म्हणूनच बदलाचे श्रेय फोनला देता आले. पूर्वी पकडीचा पाच ते आठ टक्के भाग वाया जात असे, तो जवळजवळ थांबला. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

एवढ्यावरून संदेश पाठवला की उत्पन्न वाढतेच, असे मात्र समजू नये. आपल्याच महाराष्ट्रात शंभर गावांतील शेतकऱ्यांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोबाईलवर बाजारभाव आणि हवामान कळवूनही शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात सरासरीने ठळक वाढ आढळली नाही. केरळच्या मच्छीमाराला भाव समुद्रातच कळत होता आणि होडीचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवणे त्याच्या हाती होते. माहितीवर कृती करण्याची मोकळीक नसेल तर माहिती नुसती वाचली जाते.

आपल्या मोजणीत मी हीच मोकळीक सर्वांत आधी तपासेन. ज्या सभासदाने जाळ्यासाठी किंवा इंजिनासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला मासळी त्याच व्यापाऱ्याला घालावी लागते. देवगडला भाव चढा असल्याचे कळूनही त्याचा पाय मोकळा होत नाही. म्हणून उचल घेतलेल्यांचे आणि न घेतलेल्यांचे आकडे वेगवेगळे मांडावेत. सरासरीत हा फरक बुडून जातो, आणि माझ्या मते आपल्या अहवालातील सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित हीच ठरेल.

तुलना करताना संदेश मिळणारे आणि न मिळणारे मच्छीमार एकाच बंदरातून निवडू नयेत, कारण बंदरावर भाव घटकाभरात तोंडोतोंडी पसरतो. योजना नसलेले, पण मासळी, होड्या आणि रस्ता यांबाबत आपल्यासारखेच असलेले बंदर शोधावे. दोन्हीकडच्या जुन्या लिलावाच्या वह्या मिळाल्या तर योजनेपूर्वीची स्थितीही हाती येईल. एकाच दिवशी बांगड्याचा भाव बंदराबंदरांत किती वेगळा होता, डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा जाता फेरीमागे काय उरले, आणि किती मासळी मातीमोल भावाने खतासाठी गेली, एवढे लिहून काढले तरी पुष्कळ झाले. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी आणि त्यानंतरची मोसमाची सुरुवात ध्यानात घेऊन ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करावी. वादळामुळे होड्या किनाऱ्यावर राहिलेले आठवडे दोन्हीकडून वगळावेत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. होडी चांगल्या भावासाठी दुसऱ्या बंदराला गेली, तर तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, हिशेबात फायदा दिसतो. पण आपल्या बंदरावर पाटी घेऊन थांबलेल्या विक्रेत्या बाईला त्या दिवशी मासळी मिळत नाही. तिचा दिवस बुडाला असेल तर तोही योजनेचाच परिणाम आहे. तिला अवश्य विचारावे.

प्रश्न : आमच्या गावात जवळपास प्रत्येक घरात मोबाईल आहे. मग महिलांपर्यंत माहिती पोहोचते असे धरावे का?
– एक बचत गट कार्यकर्ती, गुहागर तालुका

उत्तर : धरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे ५४ टक्के महिलांनीच आपण स्वतः वापरत असलेला मोबाईल असल्याचे सांगितले. घरातील फोन पतीबरोबर समुद्रावर किंवा मुलाबरोबर चिपळूणला गेलेला असतो. ‘तुमच्या घरी फोन आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘काल दुपारी फोन कोणाजवळ होता, आणि शेवटचा संदेश तुम्ही स्वतः वाचला की कोणी वाचून दाखवला?’ असे विचारावे, आणि शक्यतो घरातील इतर माणसे समोर नसताना विचारावे.